जुन्या गल्ल्यांचे फोटो काढायचे आहेत, सल्ला हवा (संभाजीनगर, जालना)

कुंडलिकाकाठ

नमस्कार. मी मूळची जालन्याची, नोकरीमुळे चार वर्षं संभाजीनगरात आहे. जुन्या जालन्यातलं आमच्या आजोबांचं घर गेल्या दिवाळीनंतर पाडलं. पांढऱ्या मातीचं माळवद म्हणजे सपाट धाबं, ढाळजेत म्हणजे दारालगतच्या पडवीत दोन ओटे, दाराला हाताएवढी कडी. त्या घराचे सगळे मिळून दोन फोटो आमच्याकडे निघाले. दोन्ही लग्नातले, आणि दोन्हींत मागे मांडवाचं कापड. भिंत कुठेच दिसत नाही.

तेव्हापासून मनात आहे, ज्या गल्ल्या अजून उभ्या आहेत त्यांचे नीट फोटो काढून ठेवायचे. उडालेला चुना, वाकलेले सज्जे, गंजलेल्या पाट्या, सगळं.

कॅमेरा साधा आहे, क्रॉप (लहान) सेन्सरचा, सोबत मिळालेली १८-५५ मिमी लेन्स. गेल्या रविवारी दुपारी गुलमंडीच्या मागच्या बाजूला गेले. तीन फोटो काढले असतील, तोवर एक आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, "मोजणीला आलात का बाई? घर जाणार का आमचं?" मला पुढे फोटो काढवेना. घरी येऊन पाहिलं तर फोटोही धड नाहीत. आभाळ पांढरंफट, गल्ली काळीकुट्ट.

कोणत्या वेळी जावं, लोकांशी काय बोलावं, सुरुवात कुठून करावी?

खापरी नळ

ताई, आधी त्या आजोबांबद्दल. जुन्या शहरात हातात कॅमेरा आणि नजर वर घराकडे, असं कोणी दिसलं की लोकांना रस्ता रुंदीकरणातली पाडापाडीच आठवते. त्यांची धास्ती खरी आहे. म्हणून पहिल्या फेरीला कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्या, वाडा कोणाचा, कधीपासून राहता, एवढं विचारा. कोणी "कायकू फोटो निकालरे?" म्हणालं तर जालन्याच्या घराचं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. माझा अनुभव असा की पाच मिनिटांत लोक स्वतःच्या घरातली कडी दाखवायला घेऊन जातात.

आता उजेड. पूर्व-पश्चिम गल्लीत सकाळचं ऊन थेट आत शिरतं आणि भिंतींना घासून जातं. चुन्याचे पापुद्रे तेव्हाच उठून दिसतात. उत्तर-दक्षिण गल्लीत सकाळी फक्त वरच्या सज्ज्याला ऊन आणि खाली अंधार. तिथे ऊन चढायच्या आत जा किंवा ढगाळ दिवस धरा. दुपार टाळा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर सूर्य आपल्याकडे बरोबर डोक्यावर येतो, सज्ज्याची सावली अख्ख्या दारावर उतरते. मला विचाराल तर जून ते ऑगस्ट. पाऊस थांबून तासभर झालेला असावा. ओला झाला की काळा पाषाण खरा काळा दिसतो, आणि निळीच्या चुन्याखालचा हिरवा, त्याखालचा पिवळा, असे रंगाचे थर मोजता येतात.

आभाळ चौकटीत कमीत कमी घ्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवा, म्हणजे फोटो थोडा काळसरच येऊ द्या. अंधारातला तपशील नंतर बराचसा वर आणता येतो, जळालेलं आभाळ परत येत नाही. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० ते १६०० पर्यंत बिनधास्त न्या. लेन्स २४ वर ठेवून तिथेच चिकटपट्टी लावा, तुमच्या सेन्सरवर ती साधारण ३५ मिमीचं काम करते. १८ वर गेलात की बोळही हमरस्त्यासारखा रुंद भासतो. घर मावत नाही म्हणून कॅमेरा वर वाकवू नका, भिंती मागे कललेल्या दिसतात. समोरच्या ओट्यावर चढा, नाहीतर विचारून समोरच्या माडीवर जा.

हे काम फार जुनं आहे. ग्लासगोत १८६८ ते १८७१ या काळात टॉमस अ‍ॅनन या छायाचित्रकाराने तिथल्या दाटीवाटीच्या बोळांचे फोटो काढले, कारण शहर सुधारणेसाठी ती वस्ती पाडायची होती. रसायन लावलेल्या ओल्या काचांवरचं काम, एकेका फोटोला वेळ फार लागायचा. त्यामुळे दोरीवरचे कपडे आणि हललेली माणसं धुरासारखी आली आहेत, दगड मात्र एकेक मोजून घ्यावा असा. आणि बोळ कोणत्या रस्त्यावरचा, किती नंबरचा, हे त्या फोटोंच्या नावातच आहे. म्हणून तुम्हीही तारीख, गल्ली आणि जवळची खूण त्याच दिवशी लिहा. "जुनी गल्ली, संभाजीनगर" एवढ्यावरून पन्नास वर्षांनी कोणाला काही सापडणार नाही.

सुरुवात सिटी चौक ते गुलमंडी, तिथून रंगारगल्ली. अगदी सकाळी, शटर बंद असताना. तेव्हा वरचे मजले दिसतात, एरवी नजर दुकानांच्या फलकांवरून हलत नाही. दुसऱ्या खेपेला भडकल दरवाज्याकडे. मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली १६१० साली, हा दरवाजा १६१२चा. दरवाज्याचे फोटो ढिगाने आहेत. त्याच्या अवतीभवतीची घरं कोणी काढत नाही, ती काढा.

ओट्यावरचा

मी जुन्या शहरातच राहतो. "उडालेला चुना, गंजलेल्या पाट्या" वाचून टोचलं. बाहेरून येणारे गटार, तारांचे गुंते आणि पडकी भिंत काढून नेतात. त्याच भिंतीला टेकून माझी आई चाळीस वर्षं भाजी निवडतेय, ती कोणाच्या फोटोत नाही.

नळाला पाणी येईल त्या दिवशी या. पाणी रोज येत नाही, त्यामुळे आलं की अख्खी गल्ली जागी होते. मोटारींचा आवाज, दारादारांत निळे ड्रम, या ओट्यावरून त्या ओट्यावर पाइप. शेजारच्या म्हाताऱ्या खालांचा ड्रम आधी भरायचा हे कोणी ठरवलेलं नाही, पण तसंच होतं. आमची गल्ली बघायची तर तेव्हा. आणि पाणी भरणाऱ्या बायांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

खापरी नळ

दादा, तुमचं पटलं. मी फक्त भिंतींचं बोलत राहिलो. तरी रिकामी गल्लीही काढावी लागते असं मला वाटतं. माणूस चौकटीत आला की नजर चेहऱ्यावर खिळते, तुळई आणि देवळी कोणी पाहत नाही. दोन्ही काढा, वेगवेगळ्या दिवशी.

सोळा रस्ते

लातूरहून लिहितोय. रिकाम्या वाड्यात शिरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. माळवदाची माती पाणी पिते, वजन वाढतं, आणि तुळई आतून वाळवीने खाल्लेली असली तर बाहेरून कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी भागात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं, यांच्याखालीच माणसं गेली. आमच्याकडे अशा घराचं कोणी कौतुक करू लागलं की म्हातारी माणसं गप्प होतात. इकडे फोटो काढायला आलात तर ते समजून घ्या.

आणि याच. गंजगोलाईला, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध उभं राहून फार काही हाती लागत नाही, एकेका रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून आत बघत जा.

कुंडलिकाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओट्यावरचे दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण मीही नेमकं तेच करून आले होते.

आज सकाळी परत गेले. तेच आजोबा दारात बसले होते. मोजणीची नाही हे आधी सांगितलं, मग आमच्या घराचं. ते म्हणाले, "ढाळज केवढी होती?" मी हात पसरून दाखवलं. ते उठले आणि मला आत घेऊन गेले. चौकात एक फरशी होती, ती नातवाला सरकवायला लावली. खाली बळद. धान्य भरायचं, आता कोरडं, रिकामं. आमच्याही घरात बळद होतं, मी लहानपणी त्यात डोकावले की आजी ओरडायची. हे मी साफ विसरले होते.

एकूण नऊ फोटो काढले. बळदाचा काढायला त्यांनीच सांगितलं, आणि स्वतः शेजारी उभे राहिले. त्यांना प्रिंट द्यायची आहे. कोणत्या कागदावर काढू, मागे काय लिहू?

खापरी नळ

५ बाय ७, मॅट. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात, आणि हा फोटो घरभर हातोहात फिरणार. मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढून उमटतं. शिसपेन त्या गुळगुळीत पाठीवर नीट उठत नाही. सीडीवर लिहायचा मार्कर घ्या, आणि शाई पुरती वाळल्याशिवाय दुसरी प्रिंट वर ठेवू नका. तारीख, गल्ली, लोक त्या घराला ज्या नावाने ओळखतात ते नाव, आणि बळद चौकाच्या कोणत्या बाजूला आहे ते दिशेसकट लिहा. दोन प्रती काढा, एक तुमच्याकडे ठेवा. आजोबांचं नाव त्यांनाच लिहायला सांगा, त्यांच्या अक्षरात.