गोरा म्हणजे बाहेरचा, हे काही पटत नाही

गोरे ते बाहेरून आले आन काळे तेवढे मूळचे, असं पुष्कळ लोक म्हणतात, पण भाऊ ते इतकं सरळ नाही. रंग ठरवणारे जीन पुष्कळ आहेत, त्यातल्या एसएलसी२४ए५ मधला उजळपणा देणारा बदल युरोपात जवळपास सगळ्यांत असते न तोच आपल्याकडं पार दक्षिणेतही सापडते, २०१३ च्या अभ्यासात दोन्हीकडचा उगम एकच निघाला. म्हणून एकाच घरात एक पोरगं गोरं, दुसरं सावळं.

हरियाणातल्या राखीगढीला सिंधू संस्कृतीच्या काळातल्या एका बाईचा सांगाडा सापडला, तिचा डीएनए २०१९ मध्ये आला, त्यात स्टेपचा, म्हणजे मध्य आशियाकडच्या गवताळ मैदानातल्या लोकांचा अंशच नव्हता, ते स्टेपवाले इ.स.पू. २००० नंतर आले, मग हजारो वर्षं सगळे मिसळत राहिले, जातीबाहेर लग्नं बंद झाली ती बरीच उशिरा. आपल्या मेळघाटातले कोरकू आदिवासी घ्या, भाषा मुंडा कुळातली, म्हणजे संथाळीच्या नात्यातली, आन मुंडा बोलणाऱ्यांत बापाकडून आलेला आग्नेय आशियाचा अंश मोठा आहे. मग मूळचं कोण ठरवायचं?

आमच्या गावात अजूनही पोरगी पाहायला आले की पहिले रंगच पाहतात, दिवसभर कापूस वेचून उन्हात रापलेल्या पोरीला तोंडावर काळी म्हणतात, मले त्याचा लय राग येते.