मदत हवी आहे: १६०० मीटर जिंकलेला घोडा २४०० मीटर टिकेल, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला मामांबरोबर जायला लागून तीन सीझन झाले. साध्या हँडिकॅप शर्यतीत (जिथे घोड्याच्या कुवतीप्रमाणे त्याच्यावरचं वजन ठरतं) माझा अंदाज बऱ्यापैकी जमतो. आधीचे निकाल, वजन, जॉकी, ट्रॅकवर्क म्हणजे शर्यतीआधीचा सराव, हे सगळं रेसबुकात खुणा करत वाचते. पण फेब्रुवारीतली २४०० मीटरची इंडियन डर्बी आली की सगळं गणित कोसळतं.

अडचण अशी की डर्बीत धावणारे चार वर्षांचे घोडे २४०० मीटर फारसे धावलेलेच नसतात. डिसेंबरातली ‘२००० गिनीज’ ही मोठी शर्यत १६०० मीटरची. तिथे जोरात जिंकलेला घोडा सगळ्यांचा फेव्हरिट होतो आणि मीही त्याच्यामागे जाते. दोनदा असं झालं की शेवटच्या वळणापर्यंत माझा घोडा आरामात होता, मग सरळ पट्ट्यात पाय जड झाले. फार वाईट वाटलं, कारण पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, तो सगळ्यांत देखणा दिसत होता.

मामा म्हणतात, घोड्याच्या आईकडचं घराणं बघ. पण किती पिढ्या मागे जायचं? आणि गिनीजमध्ये मागून येऊन तिसरा-चौथा आलेला घोडा जास्त भरवशाचा मानायचा का? शेवटच्या ४०० मीटरची वेळ कोणी वेगळी नोंदवून ठेवतं का?

बंगळूर-हैदराबादहून येणाऱ्या घोड्यांची तुलना तर मला अजिबात जमत नाही. तिथलं मैदान वेगळं, प्रतिस्पर्धी वेगळे. जाणकारांनी आपली पद्धत जरा सविस्तर सांगा. टिप नको, घोडा वाचायला शिकायचंय.