प्रति: पीएलसी आणि ऑपरेटर पॅनलवर ऑटोमॅटिक डाउनलोड

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी सिस्टिम) बदल मर्ज झाला की तो सगळ्या पीएलसीत (प्लांटची यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आपोआप डाउनलोड व्हायला हवा. कम्पाइल, बॅकअप, व्हर्जन नंबर बिनधास्त ऑटोमेट करा, टीआयए पोर्टलला (सीमेन्सचं पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) बाहेरच्या प्रोग्रॅममधून चालवायला ओपननेस एपीआय आहेच, सी शार्पमधून डाउनलोडही होतं. पण डाउनलोडचं शेवटचं बटण प्लांटवरच्या माणसानेच दाबावं, यावर मी ठाम आहे. आमच्याकडे लोट्याच्या एमआयडीसीत रिअ‍ॅक्टर अर्ध्या बॅचवर असतो, हार्डवेअर कॉन्फिगरेशन बदललं असेल तर डाउनलोड करताना पीएलसीचा सीपीयू स्टॉपला जातो, म्हणजे प्रोग्रॅम चालायचा थांबतो, आणि डेटा ब्लॉक (पीएलसीतली व्हॅल्यू साठवायची जागा) रीइनिशियलाइज झाला की ऑपरेटरने रात्री बदललेला सेटपॉइंट (तापमान वगैरेचा ठरवलेला आकडा) गेला, परत स्टार्ट व्हॅल्यू. म्हणून स्क्रिप्टने आधी चालू व्हॅल्यू वाचून ठेवायच्या, मग ऑनलाइन-ऑफलाइन कम्पेअर (पीएलसीतला प्रोग्रॅम आणि आपल्याकडचा प्रोग्रॅम ताडून बघायचा), कारण पावसात लाइट जाऊन आल्यावर शिफ्टवाल्याने लॅपटॉप लावून थेट पीएलसीत काहीतरी बदललेलं असतं जे गिटमध्ये नसतंच, फरक दिसला की तिथेच थांबायचं.

आणि पॅनल, म्हणजे ऑपरेटरसमोरची स्क्रीन, विसरू नका हो! पीएलसी नवा, पॅनल जुना राहिला तर अ‍ॅबसोल्यूट अ‍ॅड्रेसवाले टॅग (नावाऐवजी मेमरीतल्या ठरावीक जागेवरून व्हॅल्यू वाचणारे) भलत्याच जागेचा आकडा दाखवतात आणि ऑपरेटर त्यावर विश्वास ठेवून व्हॉल्व्ह उघडतो. दोन्हीचे व्हर्जन नंबर स्क्रीनवर शेजारी शेजारी दाखवा, जुळले नाहीत तर लाल.