अनुभव धागा: मोजताना तोंडात कुठली भाषा येते? (सोलापूरकरांनो, या)

कन्नाचौककर
गेल्या रविवारी सोलापुरात होतो. अशोक चौकात हातगाडीवर केळी घेतली. म्हातारी तेलुगूत डझन मोजत होती, ओकटि, रेंडु, मूडु (एक, दोन, तीन)... आणि पुढचं नालुगु माझ्याच तोंडून गेलं. ती थांबली. वर बघून म्हणाली, "एवरि बिड्डवु रा?" कुणाचा पोरगा रे तू?

वीस वर्षं पुण्यात आहे. घरात मराठी, हापिसात हिंदी-इंग्रजी. तेलुगू वाचता येत नाही, बोलतो ती तोडकीमोडकी. पण नायनम्मा (वडलांची आई) विड्या वळायची तेव्हा पंचवीसचा कट्टा बांधायचं काम माझ्याकडे असायचं, आणि इरवै ऐदु (पंचवीस) आल्याशिवाय दोरा गुंडाळायची परवानगी नव्हती. ती मोजणी अजून आहे. बाकीचं कुठं गेलं कुणास ठाऊक.

म्हातारीला मी मराठीत उत्तर दिलं, अमक्या गल्लीतला, अमक्याचा नातू. तिला आजोबा माहीत होते! त्यांच्या मागाचा खडखडाटसुद्धा. पण ती बोलली सगळं तेलुगूत आणि मी सगळं मराठीत.

तेव्हापासून डोक्यात आहे. भाषा एवढीच उरली तर आपण अजून "तेलुगू लोक" का? तुमचे अनुभव लिहा. कन्नड, उर्दू, कुठलीही.

बे_सोलापूर
केळी काय भाव लावली बे

कांडीवाली
विड्यांचं वाचून डोळे भरले. आमची अम्मा दिवसाला हजार वळायची, सूप मांडीवर, कातर हातात. पानं ओली करून ठेवायचं काम माझं. मी तेलुगू माध्यमात शिकले, मग आठवीला मराठीत गेले आणि पहिल्या चाचणीला भूगोलात नापास. सह्याद्री कुठून कुठपर्यंत ते माहीत होतं हो, पण "उगम पावते" म्हणजे काय ते कळेना. आता माझी मुलं अम्माशी मराठीत बोलतात, ती तेलुगूत. भांडण मात्र दोघांना बरोबर कळतं.
कुकर लागलाय, नंतर येते.

वळसंगचा
आमच्याकडे उलटं. घरात कन्नड, गावात कन्नड, शाळा मराठी. बैल मात्र पक्के कन्नड. एकदा पुण्याचा मित्र औत धरायचा म्हणून आला, मराठीत हाका मारून दमला. बैल हलायला तयार नाहीत 😂
विजापूरकडच्या पाहुण्यांत गेलो की म्हणतात "नीवु मराठी मंदी", तुम्ही मराठी माणसं. पुण्यात गेलो की "तुम्ही कानडी का?" आता कुणाला काय सांगायचं.

बाराबंदी
वळसंगचा, गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्या, अक्षता सोहळ्याला उभं राहा संमती कट्ट्यापाशी. "दिड्डम दिड्डम" झालं की लाखभर माणूस अक्षता टाकतो. त्यात मराठी, तेलुगू, लिंगायत, सगळे. अर्थ किती जणांना येतो? सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नड, बाराव्या शतकातली. आणि आमचा जयघोष "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र". "एकदा" मराठी! कोण कुणाचं ते यात्रेत विचारत नाही कुणी.

पूर्वभाग७२
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं तेलुगू पार गेलं. पोरांना तर "रा" आणि "पो" (ये आणि जा) एवढंच. पण नारळी पौर्णिमेला जानवं बदलायचं आणि मार्कंडेय रथासोबत चालायचं, हे आजवर चुकलं नाही. मी पद्मशालीच, विणकरांची जात आमची. भाषा गेली म्हणून रथापासून कुणी मला हटवलं नाही.

कांडीवाली
@पूर्वभाग७२ बायकांना विचारा. बतुकम्माच्या सणाला फुलं मांडून गोल फिरताना गाणं मराठीत म्हणणार का? माझ्या सुनेला ओळी येत नाहीत, ती नुसती टाळ्या वाजवते. टाळ्यांची बतुकम्मा झाली आमची.

पूर्वभाग७२
बरं ताई. हे खरं लागलं.

जॉबरचा_चेला
मी मराठा. गल्लीत तेलुगू शिकलो, कारखान्यात पक्की झाली. न शिकून सांगता कुणाला, जॉबर (मागांवरचा मुकादम) धोटा अडकला की ज्या शिव्या द्यायचा त्या कळायला तरी पाहिजेत ना. आता मागही नाही, जॉबरही नाही, शिव्या शिल्लक आहेत.

सेटलमेंट
तुमच्या भाषांना निदान लिपी आहे, शाळा आहे. आमची कैकाडी. आजा सांगायचा, सेटलमेंटच्या तारेच्या आत होतो तोवर आपसात बोलायचो, बाहेर पडलो तर गप्प. १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला पण गप्प राहायची सवय गेली नाही. शाळेत एक शब्द निघाला की वर्ग हसायचा. माझ्या पोराला मी मुद्दाम शिकवली नाही. आता तो विचारतो, का नाही शिकवली. काय सांगू.

कन्नाचौककर
@सेटलमेंट दादा, वाचून गप्प झालो. जमलं तर चार शब्द तरी लिहा इथं.

सेटलमेंट
बघू. देवनागरीत बसत नाहीत नीट.

हुतात्माप्रवासी
या गावाला कुठल्या एका भाषेत बसवू नका. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे चौघे बघा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावं एका दमात म्हणून बघा.
बाकी हुतात्मा एक्सप्रेसला खिडकी मिळत नाही ही आमची खरी अस्मिता.

बे_सोलापूर
केळीचा भाव अजून नाही सांगितला

कन्नाचौककर
पैसे घेतले नाहीत तिनं. आणि नालुगु मी म्हटल्यामुळे मोजणी चुकली, घरी येऊन बघतो तर तेरा.

कांडीवाली
आले. कुणी सर्वपिंडी (तांदळाच्या पिठाची थापलेली जाड भाकरी) करतं का अजून? माझी तव्याला चिकटते. अम्मा खोलगट पातेल्यात थापायची, बोटानं भोकं पाडून तेल सोडायची.

वळसंगचा
शेंगदाणे भरड घाला. आणि आंच मंद. बायकोनं सांगितलंय.

कांडीवाली
तांदळाच्या पिठाला पाणी गरम की गार?