मदत हवी आहे: कंकाल स्नायूच्या स्लाइडमध्ये आडवे पट्टे दिसतच नाहीत

बर्डी_प्राणिशास्त्र
नमस्कार. परवा सकाळी माझी ऊतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि तीन दिवसांपासून मी एकाच स्लाइडवर अडकले आहे. पुस्तकातल्या चित्रात कंकाल स्नायूवर फिकट आणि गडद आडवे पट्टे स्वच्छ दाखवलेले असतात, मला मात्र नुसता गुलाबी रंग दिसतो. शिवाय काल तोंडी परीक्षेच्या सरावात मी ‘आकुंचन होताना आतले तंतू आखडतात’ असे सांगितले, तर उत्तर चूक ठरवले गेले आणि कारण कोणीच सांगितले नाही. सूक्ष्मदर्शक चांगला आहे, तो तपासण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

निवृत्त_प्रयोगशाळा_सहायक
ताई, काप उभा आहे की आडवा, वस्तुभिंग कोणते लावले आहे, कण्डेन्सरखालची (स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालची) झडप किती उघडी आहे आणि स्लाइडच्या चिठ्ठीवर नेमके काय लिहिले आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण सांगितलेली नाही. ‘नुसता गुलाबी रंग’ एवढ्यावरून कोणी काय सांगावे? तीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या स्लाइडा लावून दिल्या आहेत, आणि दहातल्या आठ वेळा दोष झडपेचाच असतो. ती पूर्ण उघडी ठेवली की प्रकाश भरपूर येतो, पण पट्ट्यांमधला फरक त्या उजेडात धुऊन जातो.

ध्रुवित_प्रकाश
झडपेच्या मागे लागण्यापेक्षा पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचे, दोन तुकडे मिळवावेत. एक स्लाइडच्या खाली आणि दुसरा नेत्रभिंगावर ठेवून वरचा तुकडा पार्श्वभूमी काळी होईपर्यंत फिरवावा. स्नायूतले ए पट्टे, म्हणजे एरवी गडद दिसणारे, त्या काळोखात उजळून उठतात. ‘ए’ आणि ‘आय’ (फिकट पट्टे) ही नावेच मुळात ध्रुवित प्रकाशातल्या या वागणुकीवरून पडली आहेत, त्यामुळे ही युक्ती नसून मूळ पद्धत आहे.

निवृत्त_प्रयोगशाळा_सहायक
पद्धत खरी आहे, परंतु परीक्षेच्या टेबलावर पोलरॉइड कोण लावू देईल? शिवाय तंतू खालच्या तुकड्याच्या दिशेला समांतर किंवा काटकोनात पडला असेल तर पट्टे काळेच राहतात. पंचेचाळीस अंशांवर यायला स्लाइड फिरवावी लागते, हे आपण लिहिलेच नाही.

वर्धा_मार्ग
स्नायूंचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून आल्यावर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, त्यावर मीठ-साखरेचे पाणी घ्यावे आणि पोटरी ताणून धरावी. मला त्याने आराम पडतो.

बर्डी_प्राणिशास्त्र
गोळ्यांबद्दल मी विचारलेले नाही. वस्तुभिंग चाळीसचे आहे, झडप पूर्ण उघडी आहे, आणि चिठ्ठीवर ‘जीभ’ लिहिले आहे. स्नायू तो स्नायू, म्हणून ते आधी लिहिले नव्हते. बहुतेक ठिकाणी वाटाण्यांसारखे गुलाबी बहुकोन आहेत आणि त्यांच्या कडेला एकेक निळा ठिपका आहे. याचा स्लाइडशी काही संबंध आहे का?

ऊतिशास्त्र_शिक्षिका
उत्तर त्या चिठ्ठीवरच होते. जिभेच्या स्नायूतंतूंच्या जुड्या तीन वेगवेगळ्या दिशांना गुंफलेल्या असतात, म्हणूनच जीभ लांब, रुंद आणि पातळ होऊ शकते. पण त्याच कारणाने एका कापात काही जुड्या उभ्या, काही आडव्या आणि काही तिरप्या कापल्या जातात. तुम्हाला दिसणारे बहुकोन आडवे कापलेले तंतू आहेत आणि कडेचे निळे ठिपके ही त्यांची केंद्रके आहेत. पट्टे तंतूच्या लांबीला आडवे असल्यामुळे या कापात ते दिसणारच नाहीत, झडप कितीही मिटली तरी. दहाच्या भिंगाने स्लाइड सावकाश सरकवून लांबट, समांतर दोऱ्यांची जुडी शोधा, ती मधोमध आणून चाळीसवर जा, आणि मगच झडप अर्धी मिटवा.

आता तोंडी प्रश्न. प्रत्येक आय पट्ट्याच्या मधोमध एक बारीक झेड रेषा असते; अशा लगतच्या दोन झेड रेषांमधला भाग म्हणजे सार्कोमिअर. त्यातला मायोसिन या प्रथिनाचा जाड तंतुक (तंतूच्या आतला सूक्ष्म धागा) सुमारे 1.6 मायक्रोमीटर लांब असतो आणि ए पट्टा त्याच लांबीचा असतो. सार्कोमिअर 2.4 मायक्रोमीटरवरून 2.0 वर आला, तर ए पट्टा 1.6 चाच राहतो, आय पट्ट्याचा वाटा मात्र 0.8 वरून 0.4 वर येतो, कारण अॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक तंतुक मायोसिनच्या मध्ये सरकतात. आखडतो तो सार्कोमिअर आणि म्हणून संपूर्ण स्नायुतंतू. तंतुकांची स्वतःची लांबी तशीच राहते. तुमच्या उत्तरात ‘तंतू’ या शब्दाने नेमका घोटाळा केला. 1954 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात अँड्र्यू हक्सली व निडरगर्के यांनी, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी हेच मांडले. दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते. हा प्रश्न आमच्याकडे हमखास विचारला जातो.

ध्रुवित_प्रकाश
शिक्षिकाताईंचे म्हणणे मान्य आहे, तरी एक भर घालतो. ऊतीचा तुकडा ताणून न धरता फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकला तर तो आकुंचलेल्या अवस्थेतच पक्का होऊ शकतो. मग आय पट्टे इतके अरुंद होतात की उभ्या कापातही स्नायू सलग गुलाबी दिसतो. अशा वेळी पहिल्याच जुडीवर हार मानू नये, शेजारची पाहावी.

निवृत्त_प्रयोगशाळा_सहायक
हे मात्र अगदी खरे आहे. मी स्वतः तुकडा जाड कार्डावर दोऱ्याने बांधून मगच फॉर्मलिनमध्ये सोडत असे.

बर्डी_प्राणिशास्त्र
दिसले! जिभेच्या वरच्या आवरणाच्या जरा खाली तिरपी पडलेली एक जुडी सापडली. पहिल्या दोन तंतूंत काहीच नव्हते, तिसऱ्यात झडप अर्धी मिटताच बारीक आडव्या रेघा उमटल्या, आणि फोकसचे बारीक चाक किंचित फिरवले की त्या येतात-जातात. केंद्रके कडेला चपटी होऊन बसली आहेत. परीक्षक हृदयाचा स्नायूही दाखवू शकतात. पट्टे त्यालाही असतात, तर मग ओळखायचे कसे?

ऊतिशास्त्र_शिक्षिका
हृदयाच्या स्नायूत केंद्रक पेशीच्या मध्यावर असते, तंतूंना फाटे फुटून ते शेजाऱ्यांना मिळतात, आणि दोन पेशींच्या सांध्यावर पायरीसारखी गडद आडवी रेघ दिसते, तिला अंतर्वेशित चकती म्हणतात. ती रेघ पट्ट्यांपेक्षा जाड असते आणि तुटक असते. आधी केंद्रकाची जागा पाहा, मग फाटे, आणि ती चकती शेवटी शोधा.