वय नव्हे, मुदतीचा प्रश्न

तिशी ओलांडलेल्या हाफबॅकला, म्हणजे रग्बी लीगमध्ये संघाच्या चाली ठरवणाऱ्या खेळाडूला, क्लबाने नवा करार द्यावा का, अशी चर्चा सुरू आहे. पाय मंदावलेल्या अशा खेळाडूवर पगारमर्यादेचा (क्लबाला मानधनावर खर्च करता येणाऱ्या ठरावीक रकमेचा) मोठा वाटा खर्च करणे म्हणजे उरलेल्या संघावर अन्याय, असे त्यातल्या एका प्रतिसादात म्हटले आहे. मर्यादेचा मुद्दा मान्य. एनआरएल या ऑस्ट्रेलियातील प्रमुख रग्बी लीग स्पर्धेत तीस जणांचा मुख्य संघ त्याच रकमेत बसवावा लागतो आणि करार शिल्लक असताना खेळाडू सोडला, तर त्याच्या मानधनाचा काही भाग अनेकदा जुन्याच क्लबाच्या खाती पडतो. परंतु अॅडम रेनॉल्ड्सचे उदाहरण या चर्चेत अजून आलेले नाही. तिशी ओलांडलेल्या या हाफबॅकला त्याच्या साऊथ सिडनी क्लबाने एकाच वर्षाचा करार देऊ केला, ब्रिस्बेनने तीन वर्षांचा दिला, आणि 2021चा अंतिम सामना 14-12 असा गमावून तो उत्तरेला गेला.

ब्रिस्बेनने त्याचा वेग विकत घेतलाच नव्हता. एझ्रा मॅमसारखे धावणारे तरुण त्यांच्याकडे होतेच, 2023मध्ये रीस वॉल्शही आला. कुठल्या टॅकलनंतर (चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी पकडून थांबवल्यावर) किक मारायची आणि चेंडू कोणत्या कोपऱ्यात टाकायचा, हे ठरवणारा माणूस त्यांना हवा होता. 2023च्या अंतिम सामन्यात ते पेनरिथकडून 26-24 असे हरले, पण 2025मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याच्याच नेतृत्वाखाली त्यांनी 2006नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. साऊथ सिडनी मात्र 2023पासून सलग तीन हंगाम बाद फेरीबाहेर राहिले. त्या घसरणीला इतर कारणेही आहेत, तरी जाणत्या हाफबॅकची जागा घेणारा खेळाडू आधी तयार नसेल, तर मला वाटते क्लबाने कमी मानधनावर दोन वर्षांचा करार जरूर मांडावा.