शेवटचे पाच दिवस: निन्ह बिन्हला जाऊ की हनोईतच राहू?

मदत हवी आहे. अडीच महिने एकटीच भटकतेय, आता व्हिएतनाममध्ये आहे. परतीचं विमान पाच दिवसांनी, हनोईहून, रात्री उशिरा. खरं सांगू? दमलेय. बॅग पुन्हा भरायची म्हटलं तरी नको वाटतं. उत्तरेकडच्या डोंगराळ ‘हा-जांग’ भागातला लूप (बाइकवरून गोल फेरी) फार मनात होता, पण हनोईहून तिथे पोचायलाच सुमारे ३०० किमी, वर तीन-चार दिवस घाटात बाइकवर. पावसाने रस्ता अडला की विमान गेलंच! निन्ह बिन्ह जेमतेम १०० किमीवर; तिथे ट्रांग आनच्या डोंगर-गुहांमधून नावेची फेरी, भातशेतांतून सायकल. की सरळ हनोईतच होआन कीएम तळ्याकाठी लोळत पडू? असे शेवटचे दिवस काहीच न करता घालवलेल्यांना नंतर हळहळ वाटली का? आणि निन्ह बिन्हहून आदल्या रात्रीच परतावं, की त्याच सकाळी निघालं तरी चालेल?